सॉल्व्हंट बदलून बघू

चुरी मॅडम कुणालाच नावानं हाक मारत नसत. डहाणूच्या आमच्या कॉलेजात त्यांनी प्रत्येकाचं विषयावरून नवं बारसं करून टाकलं होतं. भूगोलाचे सर म्हणजे नुसते ‘भूगोल’, गणिताच्या बाई ‘गणित’, आणि प्राचार्य अर्थशास्त्राचे म्हणून त्यांच्या माघारी ‘मंदी’. मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी स्टाफरूमच्या पार कोपऱ्यातून आवाज आला, "ए मराठी! त्या पंख्याखाली बसू नकोस. तो नुसता फिरतो, वारा देत नाही. इकडे ये, जागा आहे." जागा कसली डोंबलाची! बाकावर मॅडम, त्यांची पर्स, जर्नलांचा ढीग आणि चिकूंची पिशवी असे चौघे आधीच बसलेले. मॅडमनी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली, जर्नलं न विचारता भूगोलाच्या मांडीवर ठेवली आणि मला बसवलं. पुढची तीन वर्षं मी तिथेच बसले.

पन्नाशीला टेकलेल्या, ठेंगण्या, गोल. सगळ्या साड्या कॉटनच्या आणि सगळ्यांच्या पदराला ॲसिडची भोकं. कुणी भोकाकडे बघितलं की म्हणायच्या, "डिझाईन आहे ते, डिझाईन. बाजारात मिळत नाही." लग्न केलेलं नव्हतं; बोर्डीला भावाबरोबर राहायच्या आणि रोज बसनं यायच्या. आवाजाबद्दल काय सांगू? केमिस्ट्रीची लॅब तळमजल्यावर आणि माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, तरी माझी मुलं कविता सोडून टायट्रेशनची रीत उतरवून घ्यायची. एकदा मी भांडायला खाली गेले, तर म्हणाल्या, "अगं मग चांगलंच आहे ना! तुझ्या पोरांना दोन्ही विषय एका फीमध्ये." त्यांच्याशी भांडण टिकायचंच नाही, हीच पंचाईत होती.

काही बायका कुणाच्या घरी गेल्या की आधी पडद्याचं कापड बघतात. मॅडमना जिथेतिथे हायड्रोजन बंध दिसायचे. कपातला चहा, वाडग्यातली पेज, भिजलेला रुमाल, काहीही चालायचं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला धरलं. मी म्हटलं, "मॅडम, मला केमिस्ट्री दहावीतच सोडून गेली." तर म्हणाल्या, "ती जाते, पण लांब जात नाही. ऐक. हायड्रोजन हा एवढासा प्राणी. त्याचं स्वतःचं घर असतं, ऑक्सिजनचं म्हण नाहीतर नायट्रोजनचं. तिथे तो पक्का बांधलेला. पण त्या घरातल्या मोठ्यानं इलेक्ट्रॉन सगळे आपल्याकडे ओढून घेतलेले असतात, म्हणून हा बिचारा अर्धा उघडा पडतो. मग शेजारचा कुणीतरी आपल्याकडचे दोन इलेक्ट्रॉन पुढे करून म्हणतो, ये बाबा, इकडेही जरा टेक. हा घर न सोडता तिकडे टेकतो. झाला बंध!"

"म्हणजे लग्न," मी म्हटलं.

"छट्! लग्न कसलं! टेकणं. पण सगळं जग त्या टेकण्यावर चाललंय. पाणी त्याच्यामुळे पाणी आणि भात त्याच्यामुळे भात."

बारावीला हे शिकवताना त्या फळा वापरत नसत. सगळा वर्ग मैदानावर न्यायच्या. दोघांना मधोमध उभं करून एकमेकांची करंगळी धरायला लावायची आणि बाकीच्यांना सांगायचं, "तुम्ही सगळे पाणी. पाण्याला देता पण येतं आणि घेता पण येतं. जी करंगळी दिसेल ती धरा!" की सुरू झाली झोंबाझोंबी. अर्ध्या मिनिटात मधले दोघे दोन टोकांना जायचे. मग शिट्टी. "आता तुम्ही सगळे हेक्झेन. म्हणजे तेलाचाच भाऊ. हात खिशात. कुणाकडून घेणं नाही, कुणाला देणं नाही." आता ते मधले दोघे करंगळी धरून खुशाल उभे. मॅडम विजयी मुद्रेनं ओरडायच्या, "बघितलं? पोरं तीच, करंगळ्या त्याच. बदललं काय?" आणि ऐंशी मुलं मैदान दणाणून सोडायची, "सॉल्व्हंट!" म्हणजे द्रावक, ज्यात बाकीचं विरघळतं ते.

यावर पालकांची तक्रार आली. मुलामुलींना करंगळ्या धरायला लावतात म्हणजे काय? प्राचार्य स्वतः मैदानावर चौकशीला उतरले. मॅडमनी त्यांना तोंड उघडू दिलं नाही. "या सर, बरं झालं आलात, एक रेणू कमी पडत होता. तुम्ही हेक्झेन व्हा. हात खिशात." सर झाले की हो हेक्झेन! भर उन्हात, टाय लावून, पोरांच्या गराड्यात दोन्ही हात खिशात घालून उभे. पाचेक मिनिटांनी त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, आता काढू का?" तक्रारीचं पुढे काय झालं ते कुणी विचारलं नाही.

दुसरा प्रयोग बाटल्यांचा. एक बाटली तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिडची, दुसरी अमोनियाची. बुचं काढून तोंडं जवळ आणली की मधल्या मधे पांढराशुभ्र धूर उठतो. "समोरचा जितका बेसिक, म्हणजे इलेक्ट्रॉन पुढे करायला जितका उतावीळ, तितका बंध मजबूत. ऑक्सिजनपेक्षा नायट्रोजन उतावीळ. पण फारच उतावीळ झाला आणि इकडचं घर कच्चं असलं, तर हायड्रोजन नुसता टेकत नाही, घर सोडून त्याच्याकडे जातो. हा धूर दिसतोय ना? हा बंध नव्हे रे पोरांनो, हे पळून जाणं! याचं मीठ होतं." पोरं टाळ्या वाजवायची आणि मॅडम खोकत खोकत बुचं लावायच्या.

कुठलीही भानगड त्यांच्याकडे न्या, निकाल एकच. "माणूस तोच असतो गं, तो कशात बुडलाय ते बघ आधी." एक मुलगी सारखी नापास व्हायची. मॅडमनी तिला दोन बडबड्या मैत्रिणींच्या मधून उचलून खिडकीजवळ एकटीला बसवलं, ती पास झाली. भूगोलाचं आणि त्यांच्या बायकोचं वाजलं, तर त्यांना सांगितलं, आठ दिवस आईला सरावलीला धाकट्या भावाकडे पाठवा. तेही जमलं. सगळ्यांचे सॉल्व्हंट बदलून देणारी ही बाई स्वतः मात्र चार वर्षं एका जागी अडकून पडली होती. ते माझ्या लक्षात आलं एका हाकेवरून.

आमच्या लायब्ररीत वरठा सर होते. गंजाडच्या पाड्यावरचे. शेती, म्हातारी आई, आणि बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. उंच, सावळे, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि दिवसाला मोजून दहा वाक्यं. त्यांच्या लायब्ररीत ‘शांतता राखा’ अशी पाटी नव्हती. त्यांच्याकडे बघितलं की माणूस आपोआप हळू बोलायचा. तर झालं असं, की एकदा मॅडम मला म्हणाल्या, "जरा वरठा सरांना विचार ना, नवीन जर्नल आलं का." मी उडालेच. भूगोल ‘भूगोल’, गणित ‘गणित’, प्राचार्य ‘मंदी’, मग हा माणूस ‘लायब्ररी’ का नाही? आणि आवाजसुद्धा कसा, वरच्या मजल्यावर काय, शेजारच्या बाकावर ऐकू जाणार नाही असा!

"मॅडम," मी म्हटलं, "काय चाललंय?"

"काय चालायचंय?"

"वरठा सर?"

मॅडम लाजल्या. खरं सांगते, कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाल्या. मग एकदम उसळून म्हणाल्या, "हो! मग? बंदी आहे का?" नंतर पाच मिनिटं त्या चिकू सोलत बसल्या आणि सोललेला प्रत्येक चिकू मला देत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "जूनपासून त्यांना तलासरीच्या कॉलेजात पाठवतायत. संस्थेची ऑर्डर आलीय. म्हणजे माझ्याकडे आता तीन महिने आहेत."

"मग विचारून टाका."

"सोपं आहे का? मला तो माणूस हवाय गं. पण दादाचं घर तोडून नकोय. बाबा गेले तेव्हा मी नववीत होते. विनूदादानं शिक्षण सोडलं, चिकूची वाडी सांभाळली आणि मला एम.एस्सी. केलं. आम्ही बोर्डीचे वाडीवाले, ते गंजाडचे आदिवासी. दादा काय म्हणेल ते तुला सांगायला नको. मला दोन्ही हवंय. हावरट म्हण हवं तर." आणि हसल्या, पण डोळे भरले होते.

आता पहिला प्रश्न, वरठा सरांच्या मनात काय आहे? चार वर्षांत गृहस्थ "मॅडम, पुस्तक आलंय" याच्या पुढे सरकलेले नव्हते. मॅडम म्हणाल्या, "आधी त्यांची बेसिसिटी तपासू." म्हणून खिचू करून आणला. तांदळाचं पीठ पापडखार घालून शिजवायचं, वर तेल. बोर्डीला शेजारच्या गुजराती काकींकडून शिकलेल्या. "खार कशाला माहितीये का? पिठातले रेणू एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. खार जाऊन त्यांचे हात सोडवतो, मग पाणी आत शिरतं आणि पीठ मऊ फुगतं." तत्त्व अगदी बरोबर. पण त्या दिवशी लक्ष भलतीकडे होतं म्हणे, खार दुप्पट पडला. खिचू पिवळाधमक, आणि चवीला कपडे धुवायचा साबण. भूगोलानी एक घास घेतला आणि ते थेट नळावर गेले. वरठा सर डबा घेऊन लायब्ररीत बसले, सगळा खिचू शांतपणे संपवला, डबा घासून, पुसून आणून दिला. "मॅडम, खार किती घातला होता?"

"का हो?" मॅडमच्या जिवात जीव नाही.

"काही नाही. माहीत असावं." आणि गेले.

"अगं, एवढा खार पोटात घेतला, तरी माणूस एक पाऊल पुढे सरकला नाही!" मॅडमनी कपाळाला हात लावला. "हा बेसिक आहे की नाही?"

मी म्हटलं, सगळ्यांसमोर काय बोलतील ते? मॅडम टुणकन उभ्या राहिल्या. "बरोबर! स्टाफरूम म्हणजे पाणी आहे पाणी!" आणि खरंच होतं ते. आम्ही दोघींनी एक दिवस मुद्दाम बघितलं. वरठा सर मॅडमशेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "मॅडम, मी काय म्हणतो..." इतक्यात गणितानं विचारलं, माझं पुस्तक आलं का. भूगोलानी दाण्यांची पुडी पुढे केली. शिपाई टाइमटेबलवर सही घ्यायला आला. प्राचार्यांनी बोलावलं. मधल्या सुट्टीच्या पंधरा मिनिटांत सरांचं ते वाक्य काही पुरं झालं नाही. घंटा वाजली तेव्हा मॅडम माझ्या कानात म्हणाल्या, "सॉल्व्हंट बदलून बघू."

रविवारी बोर्डीचा समुद्रकिनारा ठरला. निमित्त, सरांना वाडीवरची जुनी पुस्तकं दाखवायची. मॅडमनी एवढं कसं विसरावं कोण जाणे, की बोर्डीला त्यांना न ओळखणारं फक्त सुरूचं झाड! सुरूच्या बनात पोचेपर्यंत अकरा विद्यार्थी भेटले, दोन चुलत वहिन्या, एक निवृत्त हेडमास्तर आणि घोडागाडीवाला, जो मॅडमचा विद्यार्थी निघाला आणि सगळ्यांना फुकट चक्कर मारायला लावल्याशिवाय ऐकेना. घोडागाडीत मी, मॅडम, सर आणि निवृत्त हेडमास्तर. हेडमास्तर वाटेभर सरांना मूळव्याधीवरचं औषध सांगत होते. "हे तर स्टाफरूमपेक्षा पाणीदार निघालं," मॅडम उतरताना पुटपुटल्या.

मे महिना संपत आला. सर तलासरीची लायब्ररी बघायला जाणार असं कळलं आणि मॅडमना एकाएकी तलासरीच्या लॅबमधले ब्युरेट, म्हणजे मोजमापाच्या काचनळ्या, तपासायची निकड वाटू लागली. बरोबर मी. माझं तिथे काय काम, हे कुणी विचारलं नाही हे नशीब. ब्युरेट दोन मिनिटांत तपासून झाले. मग मॅडमनी जाहीर केलं, "भूक लागलीय," आणि रिक्षा थेट अहमदाबाद हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलाशी नेली. तिथे लांब पल्ल्याच्या बस जेवायला थांबतात. सुरतेचे लोक, मुंबईचे लोक, ट्रकवाले. पंधरा मिनिटं थांबायचं, खायचं, चालू पडायचं. कुणी कुणाकडे मान वर करून बघत नाही. मॅडमचे डोळे चमकले. "शुद्ध हेक्झेन," त्या मला म्हणाल्या. "तू दोन टेबलं सोडून बस. आणि हात खिशात."

बसले. समोर भजी. तिकडे ते दोघे समोरासमोर.

पाच मिनिटं झाली. कुणी बोलेना. दहा झाली. एक बस गेली, दुसरी आली. आमच्या चुरी मॅडम, ज्यांचं तोंड झोपेतही बंद होत नाही असं विनूदादा सांगतात, त्या दोन्ही हात एकमेकांत घट्ट गुंतवून मिठाच्या डबीकडे बघत बसलेल्या. समोर वरठा सर, तेही हात एकमेकांत गुंतवून, टोमॅटो सॉसच्या बाटलीकडे बघत. अडवायला कुणी नाही, सोडवायला कुणी नाही, आणि शब्द एक नाही! माझी भजी संपली. मी जागच्या जागी चडफडत होते. अखेर मॅडम उठल्या आणि तरातरा माझ्या टेबलाशी आल्या.

"मराठी, घोटाळा झाला गं! मी बारावीला दरवर्षी शिकवते आणि मलाच कळलं नाही. ज्या रेणूकडे देणाराही हात असतो आणि घेणाराही, तो तेलात एकटा पडला की स्वतःकडेच वळतो. स्वतःचाच हात धरून बसतो! बघ ना आमचे हात! पाण्यात बाकीचे सोडवतात आणि तेलात आम्ही आपल्यालाच धरून बसतो. आता कुठला सॉल्व्हंट आणू मी? संपलं सगळं. जून आला." आणि पाणी समजून माझा चहा पिऊन टाकला.

त्यांच्या मागे वरठा सर येऊन उभे होते. हातात वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं जाड पुस्तक. ते त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं आणि खूण घातलेलं पान काढलं. बघते तर बारावीची केमिस्ट्री! पानापानावर पेन्सिलीच्या बारीक खुणा.

"मॅडम, एक शंका होती."

मॅडमनी पदरानं नाक पुसलं. "विचारा."

"इथे म्हटलंय, समोरचा जितका बेसिक तितका बंध पक्का. पण फार बेसिक असला तर हायड्रोजन घर सोडून त्याच्याकडेच जातो."

"बरोबर आहे."

"मला तसं नको आहे," वरठा सर म्हणाले. दिवसाची दहा वाक्यं बहुधा संपत आली होती, पण माणूस त्या दिवशी हटला नाही. "तुमचं सगळं बोर्डीला आहे. मी ‘चला गंजाडला’ म्हटलं असतं, तर तुम्ही मागचं तोडून आला असतात. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. म्हणून चार वर्षं बोललो नाही. आईला विचारलंय. ती म्हणाली, घरात एक तरी बोलणारं माणूस पाहिजे. पण तुम्ही तुमच्या घरी राहून इकडे टेकणार असाल, तर..."

"तर काय? तर काय? वाक्य पुरं करा हो!"

"तर मी हात पुढे केलाय."

खरंच केला होता. टेबलावर, पुस्तकाशेजारी, तळवा वर करून. मॅडमनी त्या हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग जी किंकाळी फोडली ती ऐकून किचनमधून आचारी बाहेर आला. हात त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. रडत होत्या, हसत होत्या, "सबको चाय! सबको!" असं वेटरला सांगत होत्या. बसमधून उतरलेल्या एक गुजराती आजी घाबरून "शूं थयूं, बेन?" म्हणत आल्या, तर मॅडमनी त्यांना पार हायड्रोजनच्या घरापासून सगळं सांगितलं. आजींना किती कळलं देव जाणे, पण त्यांनी पिशवीतून ढोकळा काढून दोघांना भरवला. चहा घेऊन ट्रकवाले टेबलाभोवती जमले. हेक्झेन कसलं आणि काय! मी भजीची दुसरी प्लेट मागवली.

आता उरले विनूदादा. त्याच संध्याकाळी मॅडमनी त्यांना सांगितलं. दादा एवढंच म्हणाले, "आपल्यात असं झालेलं नाही," आणि बोलायचे थांबले. रजिस्टर लग्नाची नोटीस एक महिना कचेरीच्या फळ्यावर असते, आणि फळ्यावर आलं म्हणजे बोर्डीत आलंच. तो महिनाभर दादा जेवायचे, उठायचे, वाडीत जायचे. मी म्हटलं, मॅडम, माझ्या खोलीवर या राहायला. तर माझ्यावरच डाफरल्या. "मी कुठेही जात नाही. माझं घर आहे ते. रोज त्याच्या समोर बसून जेवते आणि रोज सांगते, दादा, अमुक तारीख, अमुक वेळ, दुसरा मजला. तो ऐकत नाही, भाजी वाढून घेतो. घेऊ दे." दिवसा त्या असं ठणकावून बोलायच्या. पण संध्याकाळी बोर्डीच्या बसमध्ये चढताना त्यांचा पाय जड व्हायचा, हे मी रोज बघत होते. मला फार वाईट वाटायचं.

तो दिवस उजाडला. तीन साक्षीदार लागतात. मी, भूगोल आणि गणित. मॅडमनी भोक नसलेली एकमेव साडी नेसली होती, वरठा सरांच्या शर्टाला नेहमीपेक्षा कडक इस्त्री. आणि गणिताचा फोन आला, ताप भरलाय, उठवत नाही. कारकून म्हणाले, "तिसरी सही कुणाची? साहेब अर्ध्या तासात दौऱ्यावर निघतील. मग पुढच्या आठवड्यात या." भूगोल साक्षीदार शोधायला जिन्यावरून धावत सुटले. चहावाल्याकडे ओळखपत्र नव्हतं. झेरॉक्सवाला म्हणाला, दुकान सोडता येत नाही. मॅडम बाकावर बसल्या होत्या आणि पहिल्यांदाच त्यांना कुठलं तत्त्व आठवत नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष जिन्याकडे. साक्षीदारासाठी नव्हे, एवढं मला कळत होतं.

खाली हॉर्न वाजला. चिकूंच्या क्रेटांनी भरलेला टेम्पो दारातच आडवा लागला होता. जिन्यावर चपला वाजल्या आणि विनूदादा वर आले, मागोमाग धापा टाकत भूगोल. दादांचा गुडघ्यापर्यंत लेंगा मातीनं भरलेला, घामाघूम, हाताला चिकूचा चीक. कुणाकडेही न बघता त्यांनी कारकुनाला विचारलं, "कुठे सही करायची?"

कारकून म्हणाले, "तुम्ही कोण?"

"भाऊ. थोरला. कार्ड दाखवू? आणि ही बाहेरची माणसं कशाला शोधताय? माझी बहीण आहे ती."

मॅडम उठल्या, पण पुढे जाईनात. दादांनी सही केली, पेन खाली ठेवलं आणि मग पहिल्यांदा वरठा सरांकडे वळले. हाताचा चीक लेंग्याला पुसला. "आमची चारू घोरते," ते म्हणाले. "पहाटे चारला उठून फॉर्म्युले बडबडते. खिचूत खार जास्त घालते."

"खाल्लाय," वरठा सर म्हणाले.

"शनिवार-रविवार तुमच्याकडे ठेवा. बाकीचे दिवस बोर्डीला. तिच्या आवाजाशिवाय आम्हाला झोप लागत नाही." एवढं बोलून दादा रडायला लागले. चांगले हमसून हमसून, फाइलींच्या कपाटाला डोकं टेकून. मॅडम धावल्या. दादांच्या पाठीवर थापट्या मारत त्या स्वतःच मोठमोठ्यानं रडू लागल्या. वरठा सर जवळ गेले, काय करावं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी दोघांच्याही खांद्यावर एकेक हात ठेवला. साहेब बाहेर आले आणि म्हणाले, "मंगलकार्य आहे ना हे?" मी आणि भूगोल हसता हसता डोळे पुसत होतो.

त्या महिन्यात माझे तास संपले आणि मी संगमनेरला आले. फोनवर मॅडम अजून भेटतात, कानापासून फोन हातभर लांब धरावा लागतो. शनिवारी गंजाड, सोमवारी बोर्डी, तसंच चालू आहे म्हणतात. पण डोळ्यांनी त्यांना बघितलं ते त्या दिवशी शेवटचं. आम्ही सगळे खाली आलो. दादा म्हणाले, माल उन्हात आहे, चला, वाटेत जेवू. टेम्पोच्या केबिनमध्ये तिघंच मावतात. स्टिअरिंगला दादा बसले, खिडकीकडे वरठा सर, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत, गिअरच्या दांड्याला गुडघे चुकवत, मॅडम. गालावर रडण्याचे ओघळ तसेच आणि चेहरा असा फुललेला, की मला वाटलं आता काहीतरी ओरडून सांगणार. पण तेवढ्यात टेम्पो निघाला. मी फाटकाशी उभी राहून वळणापर्यंत हात हलवत होते. त्या दोघांच्या मधे मॅडमना हात वर काढायलाही जागा नव्हती.